लिंकनचा तीळ



निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे 'ज्येष्ठ छायाचित्रकार' असं छापलं आहे. ती चूक आधी दुरुस्त करतो. पोटासाठी मी एकही फोटो काढलेला नाही. कोल्हापुरात आधी एका फोटो स्टुडिओत आणि मग एका छापखान्यात नोकरी केली, आणि दोन्हीकडे काम एकच होतं: दुसऱ्यानं काढलेला फोटो सुधारायचा. त्याला आम्ही 'टचिंग' म्हणायचो. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून उजेड घ्यायचा आणि अणकुचीदार पेन्सिलीनं डोळ्यांखालचं काळं, कपाळावरची आठी, गालावरचे देवीचे वण भरत बसायचं. निगेटिव्हवर पेन्सिल फिरली की छापात तेवढी जागा उजळते. काही गडद करायचं असेल तर ब्लेडच्या टोकानं हलकं खरवडायचं. गिऱ्हाईक फोटो न्यायला आलं, स्वतःकडे बघून खूश झालं, आणि 'पैसे किती?' हे जरा हळू विचारलं, की समजायचं काम जमलं. तीसेक वर्षं मी लोकांच्या तोंडावरचं वय पुसत आलो.

आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी फोनवर विचारलं, "आपल्याकडची माणसं संपली काय हो?" प्रश्न रास्त आहे. इथं शिराळ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांवर बोलायचं, शेजारच्या वाटेगावच्या अण्णा भाऊंवर बोलायचं, बिळाशीच्या जंगल सत्याग्रहावर बोलायचं. आणि हा गडी निघालाय अमेरिकेच्या अब्राहम लिंकनच्या फोटोवर बोलायला. पण ज्यांनी इथल्या शाळेचं ऑफिस आतून बघितलंय, त्यांनी जरा आठवून बघावं. ज्यांच्या आठवणीसाठी आपण जमलोय, त्या गुरुजींच्या खुर्चीमागे वेळापत्रक, खिळ्याला अडकवलेला घंटेचा टोला, आणि त्याच्या वर लिंकन. छडी खायला आत गेलेल्या पोराला दोन माणसं दिसायची, खाली टोपीवाला आणि वर दाढीवाला. दोघांच्याही चेहऱ्यावर हसू नसायचं.

ते पोस्टर आम्ही छापलेलं. म्हणजे आमच्या छापखान्यानं, आणि त्यातला चेहरा मी केलेला. त्याची कथा पुढे येईल. आधी चेहऱ्याखालच्या मजकुराविषयी सांगतो.

लिंकनचं हेडमास्तरांना पत्र. महाराष्ट्रात ते वाचलं नाही असा शिक्षक सापडणं कठीण. शाळांच्या ऑफिसात, डी.एड. कॉलेजच्या जिन्यात, निवृत्तीच्या समारंभात भेट म्हणून, पाच सप्टेंबरच्या भाषणात, सगळीकडे ते असायचं. मराठी केलं वसंत बापटांनी. बापट आपल्या शेजारचे, कऱ्हाडचे. १९२२ चा जन्म. पुढे सेवादल, बेचाळीसचा लढा, तुरुंग, कविता, १९९९ साली मुंबईच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. त्यांनी त्या पत्राला अशी काही मराठी दिली, की वाचणाऱ्याला वाटावं, लिंकन कऱ्हाडच्याच शाळेत पोराला घालायला आला होता.

आता जे सांगणार आहे त्यानं काही जणांना वाईट वाटेल. हे पत्र लिंकननं लिहिलेलं नाही.

लिंकनचं सगळं लेखन रॉय बास्लर नावाच्या संपादकानं गोळा केलं आणि १९५३ साली ते आठ खंडांत छापलं. भाषणं, तारा, वकिलीचे कागद, हुकूम, दोन ओळींच्या चिठ्ठ्यासुद्धा त्यात आहेत. हे पत्र नाही. शिवाय साधा हिशेब करा. लिंकनला चार मुलगे. एडी १८५० साली लहानपणीच गेला. थोरला रॉबर्ट १८५९ मध्ये एक्झिटरच्या शाळेत गेला तोच मुळी जाणता मुलगा म्हणून. विली आणि टॅड व्हाइट हाउसमध्ये आले, तिथं त्यांना शिकवायला मास्तर घरी यायचे. त्यातला विली १८६२ च्या फेब्रुवारीत तापानं गेला, अकरा वर्षांचा होता. टॅड तर अभ्यासाच्या नावानं इतका उनाड, की बाप असेपर्यंत त्याला धड वाचता येत नव्हतं. मग कोणत्या शाळेच्या कोणत्या हेडमास्तरांना बापानं एवढं लांबलचक पत्र लिहावं? बापटांचा यात काही दोष नाही. त्यांच्यासमोर इंग्रजीत जे आलं त्याला त्यांनी मराठीत जीव दिला. उलट मला वाटतं, ते पत्र जगलं ते त्या मराठीवर.

हे मला कळलं तेव्हा गुरुजी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मी मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. पडवीत बसून ते भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, त्यांना धक्का बसेल. त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि विचारलं, "मग त्यानं खरं पत्र कुणाला लिहिलं?"

मी म्हटलं, लिहिलं एक. अकरा वर्षांच्या पोरीला.

ती गोष्ट फोटोपासूनच सुरू होते. १८६० च्या २७ फेब्रुवारीला लिंकन न्यूयॉर्कमध्ये होता. संध्याकाळी कूपर युनियनच्या सभागृहात त्याचं भाषण. इलिनॉयच्या बाहेर त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं, आणि ज्यांनी ऐकलं होतं त्यांनी एवढंच ऐकलं होतं की माणूस सहा फूट चार इंच उंच आहे आणि दिसायला ओबडधोबड आहे. त्याच दिवशी त्याला मॅथ्यू ब्रॅडीच्या स्टुडिओत नेलं. ब्रॅडी म्हणजे त्या काळचा अमेरिकेतला सर्वांत नावाजलेला फोटोवाला. दृष्टी अधू, त्यामुळे कॅमेऱ्यामागे बहुतेक वेळा हाताखालची माणसं. पण बसवायचं कसं, उभं कसं करायचं, हे त्यानंच बघायचं. त्यानं लिंकनला उभा केला, मागे खोटा खांब ठेवला, हात पुस्तकांवर ठेवायला सांगितला. मग बघतो तर मान लांबलचक. त्यानं लिंकनला कॉलर वर ओढून घ्यायला सांगितली. लिंकनच्या लगेच लक्षात आलं, की हा आपली मान आखूड करतोय, आणि त्यानं तसं बोलूनही दाखवलं.

मी टचिंगवाला म्हणून सांगतो, कॉलरची युक्ती आजही जात नाही. ती कुठवर जाते ते पुढे सांगतो.

त्या काळी वर्तमानपत्रात फोटो छापता येत नसे. हाफटोनचे ब्लॉक अजून यायचे होते. फोटो समोर ठेवून कारागीर लाकडाच्या ठोकळ्यावर चेहरा कोरायचा आणि तो ठोकळा छपाईला जायचा. ब्रॅडीचा लिंकन असाच कोरला गेला, 'हार्पर्स वीकली'च्या मुखपृष्ठावर आला, प्रचाराच्या तसबिरींत आला. पत्र्यावर घेतलेले इवले फोटो कोटाला लावायच्या बिल्ल्यांत बसले. लिंकननं पुढे म्हटलं म्हणे, की मला अध्यक्ष केलं ते ब्रॅडीनं आणि कूपर युनियनच्या भाषणानं. ही हकिकत पसरवण्यात ब्रॅडीचा हात मोठा, तेव्हा त्यात थोडी पदरची भर धरायला हरकत नाही.

तर अशी एक प्रचाराची तसबीर न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टफील्ड नावाच्या गावात एका बापानं जत्रेतून घरी आणली. त्याच्या मुलीनं, ग्रेस बेडेल तिचं नाव, ती बघितली आणि १५ ऑक्टोबर १८६० ला सरळ लिंकनला पत्र लिहिलं. तुमचा चेहरा फार वाळलेला आहे, दाढी ठेवलीत तर बरे दिसाल, बायकांना दाढी आवडते, त्या आपापल्या नवऱ्यांना तुम्हाला मत द्यायला लावतील. असा सगळा सल्ला. लिंकननं चार दिवसांत उत्तर धाडलं. आधी सांगितलं की मला मुलगी नाही याचं वाईट वाटतं, तीन मुलगे आहेत, वयं सतरा, नऊ आणि सात. आणि दाढीचं म्हणशील तर, आजवर कधी ठेवली नाही, आता एकदम ठेवली तर लोक चेष्टा नाही का करणार? 'हो' म्हटलं नाही, 'नाही'ही म्हटलं नाही. निवडून आल्यावर दाढी वाढवली. १८६१ च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनला जाताना वेस्टफील्ड स्टेशनात गाडी थांबली, तेव्हा त्यानं गर्दीत त्या पोरीची चौकशी केली आणि तिला दाढी दाखवली.

गुरुजी दाणे निवडता निवडता थांबले. म्हणाले, "अकरा वर्षांच्या पोरीचं ऐकलं? मग हेडमास्तराला कशाला पत्र लिहितोय तो!" आणि जे हसले, ते सुपातले दाणे सांडेपर्यंत. ऑफिसातलं पोस्टर त्यांनी स्वतः कधी काढायला सांगितलं नाही, हेही सांगून टाकतो. पुढे शाळेला रंग देताना ते निघालं.

पण माझं काम मजकुराशी नाही, फोटोशी आहे. मजकूर खोटा निघाला; वरचा चेहरा तरी खरा होता का?

लिंकनचे आज जवळपास १३० फोटो माहीत आहेत. पहिला १८४६-४७ चा, स्प्रिंगफील्डमध्ये घेतलेला, दाढी नसलेला, केस चापून बसवलेला, नुकता काँग्रेसवर निवडून आलेला वकील. तो तांब्याच्या चांदी चढवलेल्या पत्र्यावरचा आहे. पुढचे बरेचसे काचेवरचे. काचेचं काम कसं चालायचं, ते सांगितल्याशिवाय त्या चेहऱ्याचा अर्थ लागत नाही. काच स्वच्छ पुसायची. तिच्यावर कलोडियन ओतायचं, मधासारखं घट्टसर, आणि काच चारी कोपऱ्यांकडे झुकवून ते सारखं पसरवायचं. लगेच अंधाऱ्या खोलीत चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओलीच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा, ओली असतानाच धावत आणून धुवायची. काच वाळली की संपलं, आतला फोटो गेला. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत. मुंबईला १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी तिथं फोटो काढायचे, त्यांची धावपळही हीच असणार. बसणाऱ्यानं मात्र हलायचं नाही, काही सेकंद. म्हणून मानेमागे लोखंडी आधार असायचा, दोन चिमट्यांचा, समोरून न दिसणारा. तेवढा वेळ हसू टिकत नाही. ओठ थरथरतात. म्हणून त्या जमान्याचे सगळे गंभीर; ते स्वभावानं गंभीर होते असं नाही. लिंकन तर चुटके सांगणारा माणूस. त्याची थट्टामस्करी एकाही काचेवर उतरली नाही.

दुसरी गोष्ट, ही काच निळ्या रंगाला फार हळवी. तांबडं, पिवळं तिला काळं दिसतं. उन्हातान्हात रापलेली कातडी, तांबूस डाग, सुरकुत्यांतली लाली हे सगळं प्रत्यक्षापेक्षा गडद उतरतं, आणि फिकट डोळे आणखी फिके. लिंकनचे डोळे करडे होते. त्या चेहऱ्यावर जे खोल ओरखडे दिसतात, त्यात थोडा वाटा रसायनाचा आहे. बाकीचा युद्धाचा.

१८६४ च्या ९ फेब्रुवारीला लिंकन ब्रॅडीच्या वॉशिंग्टनच्या स्टुडिओत गेला. फोटो घेतले अँथनी बर्जरनं. अमेरिकेच्या पाच डॉलरच्या नोटेवर जो चेहरा आहे, तो त्या दिवसाचा. १९०९ साली निघालेल्या एक सेंटच्या नाण्यावरचा बाजूनं दिसणारा चेहराही त्याच बैठकीवरून केलेला. आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी अमेरिकेचं तोंड बघितलं नसेल, पण तो चेहरा नोटेवर बघितलाय. त्याच दिवशी आणखी एक फोटो झाला. लिंकन खुर्चीत, डोळ्यांवर चष्मा, मांडीवर मोठं पुस्तक, आणि शेजारी उभा असलेला टॅड त्यात डोकावतोय. तोच टॅड, अभ्यास न करणारा. बाप-लेक पुस्तकात रमलेले. हा फोटो लोकांना इतका आवडला की लिंकन गेल्यावर त्याच्या प्रती घरोघरी गेल्या, आणि कितींच्या खाली छापलं गेलं, 'अध्यक्ष मुलाला बायबल वाचून दाखवताना'.

ते बायबल नव्हतं. स्टुडिओतला फोटोंचा अल्बम होता, गिऱ्हाइकांना नमुने दाखवायला ठेवतात तो. लिंकनला ही धास्ती आधीच वाटली होती. नोआ ब्रुक्स नावाच्या वार्ताहरानं लिहून ठेवलंय, की लोक याला बायबल समजतील आणि ती एक प्रकारची फसवणूक होईल, असं लिंकन त्याला म्हणाला होता. म्हणजे खालच्या मजकुरानं वरचा फोटो बदलतो, हे त्या माणसाला आपल्या शंभर वर्षं आधी ठाऊक होतं. आणि आपण त्याच्याच फोटोखाली हेडमास्तरांचं पत्र लावलं!

त्याच्या मृत्यूनंतर मात्र त्याला विचारणारं कुणी उरलं नाही. १४ एप्रिल १८६५ ला गोळी लागली, दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला, आणि बाजारात त्याच्या चित्रांना एकदम मागणी आली. लोकांना रुबाबदार, उभा, पुढाऱ्यासारखा लिंकन हवा होता. असा फोटो सहज मिळत नव्हता. तो बहुतेक फोटोंत खुर्चीत अंग टाकून बसलेला. मग चित्रं विकणाऱ्यांनी काय केलं? जॉन कॅलहून नावाच्या पुढाऱ्याचं १८५२ सालचं कोरीव चित्र होतं: टेबलाशी उभा, अंगावर झोकदार झगा, हात कागदांवर. त्याचं डोकं उडवलं आणि लिंकनचं बसवलं. टेबलावरच्या कागदांवर राज्यांच्या सार्वभौमत्वाची, खुल्या व्यापाराची अशी कॅलहूनची तत्त्वं लिहिलेली होती. ती खोडून 'संघराज्य' आणि 'मुक्तीचा जाहीरनामा' असं लिहिलं. हा कॅलहून कोण? दक्षिण कॅरोलायनाचा, एके काळचा उपाध्यक्ष, आणि गुलामगिरी ही चांगलीच गोष्ट आहे असं उघड सांगणारा. गुलामांना मोकळं करणाऱ्याचं मुंडकं, गुलामगिरीच्या वकिलाच्या धडावर. घरोघरी लागलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

इथं महात्मा फुल्यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. लिंकनच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली ज्यांनी गुलामांना मोकळं केलं. अर्पणपत्रिकेत लिंकनचं नाव नाही. लोक आहेत. त्याच वर्षी सत्यशोधक समाज निघाला आणि जुन्या सातारा जिल्ह्यात त्यानं पुढे जे मूळ धरलं, ते मी तुम्हाला सांगायला नको. शिराळा पेटा तेव्हा वाळवा तालुक्यात आणि वाळवा साताऱ्यात. अमेरिकेत छापणारे डोक्याखाली धड शोधत होते, त्या सुमारास पुण्यात एक माणूस डोक्यामागची माणसं बघत होता. असो. आमच्या धंद्यात ही नजर नव्हती.

ते कॅलहूनचं चित्र कसं पकडलं गेलं ते ऐका. बरीच वर्षं लोटल्यावर स्टीफन लोरांट नावाचा एक जाणकार लिंकनची सगळी चित्रं गोळा करत होता. त्याला दिसलं की या चित्रात लिंकनचा तीळ चुकीच्या गालावर आहे. लिंकनच्या उजव्या गालावर, ओठाच्या वर बाजूला, चांगला ठळक तीळ होता. धडाला जुळावं म्हणून डोकं उलटं फिरवलं, तर तीळ डावीकडे गेला. एवढ्याशा तिळानं सगळं उघडं पाडलं.

आता माझ्या पोस्टरची कथा.

छापखान्याला शिक्षक दिनासाठी लिंकन हवा होता. एका इंग्रजी मासिकात सापडला. कोणता, ते मला त्या वेळी माहीत नव्हतं, आता माहीत आहे. अलेक्झांडर गार्डनरनं घेतलेला, ८ नोव्हेंबर १८६३, रविवार. गेटिसबर्गचं ते पावणेतीनशे शब्दांचं भाषण झालं त्याच्या अकरा दिवस आधी. थेट समोरून, कॅमेऱ्यात बघणारा. मी भिंग घेऊन बसलो. कपाळावर आडव्या आठ्या, गालाला उभे खड्डे, डावा डोळा किंचित वर सरकलेला, खालचा ओठ जाड, बो वाकडा. मालक म्हणाले, "शाळेत लावायचाय, जरा प्रसन्न कर." मी केला. खड्डे भरले. डोळ्यांखालची काळी अर्धवर्तुळं घालवली. बो सरळ केला. आणि गालावर एक काळा ठिपका दिसला, मला वाटलं छपाईचा डाग आहे, तोही पुसला.

पोस्टर शिराळ्याला पोचल्यावर दोन-तीन महिन्यांनी काही कामासाठी शाळेत गेलो. गुरुजींनी आत बोलावलं, बसायला सांगितलं नाही. भिंतीकडे बोट करून विचारलं, "काय रे, ह्याचा तीळ कुठं गेला?"

मला कळेना. त्यांनी कपाटातून एक जुनं, पाठ फाटलेलं पुस्तक काढलं, त्यातलं चित्र दाखवलं. गालावर तीळ. मी सांगितलं, डाग समजून पुसला. गुरुजी काही बोलले नाहीत. वहीवर सही करायचं निळं बॉलपेन घेतलं, स्टुलावर चढले आणि उजव्या गालावर, बरोबर जागी, तीळ काढला. निळा. खाली उतरून म्हणाले, "बाकीचं तुला परत घालता येणार नाही." तो निळा तीळ पोस्टर निघेपर्यंत तिथं होता. इथं बसलेल्यांपैकी काहींनी तो बघितला असेल आणि कुणा व्रात्य पोराचं काम समजले असतील.

गार्डनरच्याच दुसऱ्या एका फोटोकडे मी अलीकडे पुन्हा पुन्हा जातो. ५ फेब्रुवारी १८६५. मृत्यूला जेमतेम दहा आठवडे. चार वर्षांत माणूस वीस वर्षांनी म्हातारा झालाय. गाल बसलेले, डोळे थकलेले, आणि ओठांच्या कडेला काहीतरी आहे, हसू म्हणावं तर हसू नाही. काच मोठी होती आणि ती तडकली. भेग डोक्याच्या वरच्या बाजूनं आरपार गेलीय. गार्डनरनं त्या फुटक्या काचेवरून एकच छाप काढला आणि काच टाकून दिली. तो एकुलता छाप आज वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. कित्येक वर्षं लोक त्याला मृत्यूच्या चार-पाच दिवस आधीचा शेवटचा फोटो समजायचे. तसा तो नाही, मार्चमध्येही त्याचे फोटो निघालेत. पण भेगेमुळे तसं मानायचा मोह होतो खरा. मला ती काच उमेदीच्या वयात मिळाली असती, तर भेग दोन तासांत बुजवली असती. आणि शाबासकी मिळवली असती.

आता हा फोटो. माझ्या डावीकडे, हार घातलेला. गुरुजींचा.

हासुद्धा माझ्याच हातचा आहे. गुरुजी गेल्यावर घरच्यांनी मोठा फोटो मागितला. एकटा असा फोटो घरात नव्हता. निरोप समारंभाचा ग्रुप फोटो होता, त्यातलं गुरुजींचं डोकं माझ्या करंगळीच्या नखाएवढं. आमच्या स्टुडिओत अशा वेळी वापरायला दोन कोट असायचे. कपाटातले नव्हेत, फोटोतले. एक काळा, एक करडा. काळा एका नवरदेवाचा, करडा एका वकिलाचा. गेलेल्या माणसाचं डोकं मोठं करून कापायचं, कोटावर चिकटवायचं, जोड ब्रशनं मिटवायचा आणि त्या सगळ्याचा पुन्हा फोटो घ्यायचा. जोड दिसू नये म्हणून कॉलर उंच घ्यायची. ब्रॅडीची कॉलर ती हीच. तो करडा कोट घालून निदान पन्नासेक माणसं भिंतीवर गेली असतील. त्यात शेतकरी होते, तालमीतले वस्ताद होते, वारकरी होते. वारणेच्या खोऱ्यात तुम्ही ज्या घरात जाल तिथं तो कोट तुम्हाला भेटेल, फक्त वरचं डोकं वेगळं.

गुरुजींनी आयुष्यात कोट घातला नाही. धोतर, सदरा, टोपी, थंडीत खादीची बंडी. पण धाकट्या चिरंजीवांची इच्छा होती, बाबा जरा साहेबासारखे दिसावेत. मी त्यांना दोष देत नाही. माझ्या वडिलांचाही मी असाच केलाय. शिवाय गुरुजींच्या डाव्या भुवईवर लहानपणी पडल्याची खोक होती. ज्यांना त्यांनी कान धरून जवळ ओढलंय, त्यांना ती जवळून माहीत आहे. या फोटोत ती नाही. ती मीच भरली.

मागच्या महिन्यात त्यांच्या नातीनं पेन्शनचे जुने कागद काढले. सेवापुस्तकाच्या आत टाचणीनं लावलेला एक फोटो निघाला, पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा. ऑफिसचा गोल शिक्का अर्धा खांद्यावर आलाय. टोपी जरा कललेली. उजेड डोळ्यांवर आल्यामुळे डोळे बारीक झालेत. बंडीचं वरचं बटण नाही. भुवईवर खोक आहे. कुणी पेन्सिल लावलेली नाही. मुलगी म्हणाली, "काका, हा चांगला नाही, पण तुम्हाला दाखवावासा वाटला."

तो मी जाड कागदात घालून आणलाय, खिशात आहे. व्यासपीठावर लावण्याएवढा तो नाही आणि मोठा करायला मी कुणाला देणार नाही. आभारप्रदर्शन झाल्यावर ज्यांना बघायचा असेल त्यांनी एकेकानं वर यावं. हात पुसून या. कडेला धरा, मधे बोट लावू नका.